भाऊबीजेचे आवाज

समिती यायची असली की आदल्या दिवशी आमच्या कॉलेजात कुंड्या येतात. भाड्याच्या. टेम्पोतून उतरवून जिन्याच्या पायऱ्यांवर मांडतात आणि समितीची गाडी गेटाबाहेर पडली की त्याच टेम्पोत घालून परत नेतात. एरवी त्या कुंड्या दिसल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या सर्व्हरसाठी एक साधा एसी मागितला तर 'ही चैनीची वस्तू आहे' असा शेरा येतो, आणि शोभेच्या झाडांना मंजुरी एका फोनवर. पण त्या बुधवारी मी कुंड्यांना वळसा घालून गुपचूप वर गेले. चिडायलाही जरा निवांतपणा लागतो.

गुरुवारी येणारी समिती आमच्या संशोधनाचा शेवटचा हप्ता सोडायचा की नाही ते ठरवणार होती. त्या हप्त्यावाचून माझं काही अडणार नव्हतं. मी पार्ल्याच्या या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, कायम आहे, माझा पगार एक तारखेला येतो. अडणार होतं माझ्या विद्यार्थिनीचं. ती विक्रोळीची. माझ्याकडे पीएचडी करत होती आणि तिची विद्यावृत्ती या प्रकल्पातून यायची. आधीचा हप्ता संपला, पुढचा समितीच्या सहीशिवाय सुटत नव्हता, म्हणून कित्येक महिने ती फुकट काम करत होती आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती. अंधेरीच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. त्यांना शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"हप्ता आला तर राहते मॅडम," तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. "नाही आला तर जाते. आईचे गुडघे गेलेत. ती त्या औषधांच्या पॅकिंगला अजून किती दिवस उभी राहणार?"

आमचं काम काय, तर बायकांचं बोलणं ऐकून लिहिणारं यंत्र. पालिकेच्या दवाखान्यात आलेल्या बाईने आपलं दुखणं आपल्या बोलीत सांगायचं आणि यंत्राने ते लिहून डॉक्टरसमोर ठेवायचं. डॉक्टरला रांग आवरायची असते, बाईला सांगायला वेळ लागतो, त्यात अर्धं दुखणं राहून जातं. हे सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "अहो, हे तर फोनमध्येच येतं, तुम्ही नवीन काय करताय?" फोनमध्ये बातम्या वाचणाऱ्या बाईचं मराठी येतं. डोंगरावरच्या चाळीतली बाई 'छातीत धरल्यासारखं होतंय' म्हणाली की फोन मुका होतो. त्या बाईकडून कुणाला नफा व्हायचा नाही म्हणून कुठलीही कंपनी या भानगडीत पडत नाही. म्हणून तर आमच्यासारख्यांनी सरकारी पैशासाठी हात पसरायचे.

पद्धत साधी होती आणि मला तिचा अभिमान होता. घाटकोपरच्या बायकांच्या आवाजांवर यंत्राला शिकवायचं आणि विक्रोळीच्या बायकांच्या आवाजांवर त्याची परीक्षा घ्यायची. शिकवणीत सोडवून घेतलेली गणितंच परीक्षेत घातली तर मुलाला गणित येतं की नुसतं पाठ झालंय ते कळत नाही. तसंच हेही. परीक्षेतला आवाज यंत्राने आधी कधी ऐकलेला नसावा. बायकांची नावं टिपायची नाहीत, फक्त घराला एक नंबर आणि बाईला एक नंबर, हा नियम वरूनच आलेला. कुणाचं दुखणं कुणाच्या नावाने बाहेर पडू नये म्हणून. आणखी एक नियम आमचा स्वतःचा: आपल्या नात्यातल्या कुणाचा आवाज घ्यायचा नाही. त्यामुळे माझ्या विद्यार्थिनीची आई दोन वर्षं रुसून होती. आवाज देणाऱ्या प्रत्येक बाईला आम्ही स्टीलचा एक डबा द्यायचो, शेजारणींकडे तो आला होता आणि तिच्याकडे नव्हता.

घाटकोपरचे आवाज आम्ही कॉलेजच्या काही मुली मदतीला घेऊन दिवाळीच्या सुट्टीत घेतले. कॉलेज बंद, बायका घरात, प्रत्येक घरी चकली आणि चहा. एरवी दार न उघडणाऱ्या घरांतूनसुद्धा तीन-तीन बायका पुढे येत होत्या. आम्ही दोघी नुसत्या खूश. विक्रोळीचे आवाज जानेवारीत घेतले, तेव्हा मदतीला दुसऱ्या मुली होत्या. यंत्र शिकलं, परीक्षा झाली आणि शंभरातले नव्वद शब्द बरोबर आले. असा आकडा मी या कामात पाहिला नव्हता. आम्ही तो अहवालात लिहिला आणि अहवाल समितीकडे गेला.

बुधवारी दुपारी रंगीत तालीम होती. प्रात्यक्षिकासाठी विक्रोळीहून आवाज देणाऱ्यांपैकीच एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, हसऱ्या, गजरा वगैरे माळून. त्या माइकवर बोलल्या आणि पडद्यावर अक्षरं नुसती धावत सुटली. विभागप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. "झकास! उद्या असंच पाहिजे," म्हणाले.

चहा पिताना त्या बाईंना मी म्हटलं, "तुमचं बोलणं यंत्राला अगदी बरोबर कळतं हं."

"कळणारच की," त्या म्हणाल्या. "दोनदा दिलाय मी आवाज."

"दोनदा कसा?"

"एकदा विक्रोळीला सासरी, आणि त्याच्या आधी घाटकोपरला, आईकडे. भाऊबीजेला गेले होते ना, तेव्हा तुमच्याच पोरी आल्या होत्या. आम्ही तिघी बहिणी बसलो होतो, तिघींनी दिला. डबा मिळत होता, कोण सोडतंय?" आणि त्या मनापासून हसल्या. "आमच्याकडच्या पुष्कळ जणी घाटकोपरच्याच आहेत हो. डोंगरावरच्या पोरी खाली विक्रोळीलाच दिल्यात सगळ्या."

मी विद्यार्थिनीकडे पाहिलं. तिच्या हातातला कप तसाच अधांतरी राहिला होता.

आम्ही मराठी घरातल्या दोन बायका, दिवाळीच्या आठवड्यात चाळीतल्या घरात शिरतो आणि तिथे बसलेल्या बायका कोण असतील याचा विचार आमच्या डोक्यात येत नाही! मी स्वतः त्या भाऊबीजेला संध्याकाळी मुलुंडला भावाकडे जाऊन ओवाळून आले होते. घाटकोपरच्या म्हणून घेतलेल्या आवाजांत किती माहेरवाशिणी होत्या, आणि त्यातल्या किती जानेवारीत विक्रोळीला आपापल्या सासरी भेटल्या, कुणाला ठाऊक. नावं आमच्याकडे नव्हती. एकाच बाईला दोन नंबर मिळाले होते आणि आम्ही त्या दोन बायका समजत होतो.

आमचा सर्व्हर परीक्षा विभागाच्या खोलीत असतो, कारण कॉलेजात चालू एसी तिथेच आहे. तिथल्या कपाटांत प्रश्नपत्रिका ठेवतात, म्हणून संध्याकाळी ती खोली सील करतात. आवाजाशी आवाज जुळवून पाहणारा प्रोग्राम आमच्याकडे होता. तो लावला, आणि त्याने दाखवलेल्या जोड्या आम्ही दोघी हेडफोन लावून एकामागून एक ऐकत गेलो. तेच हसणं, तीच खाकरायची सवय, तोच वाक्याच्या शेवटी लांबवलेला 'नाऽ'. आईकडे जरा मोठ्याने, सासरी जरा हळू, पण बाई तीच. परीक्षा विभागाचे सर कुलूप आणि लाखेची कांडी घेऊन दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, आटपा. मला पण घर आहे." मी हात जोडून पाच मिनिटं मागितली, मग आणखी पाच. परीक्षेतल्या जवळजवळ निम्म्या बायका शिकवणीतल्याच निघाल्या. त्यांना वगळून परीक्षा पुन्हा घेतली. शंभरातले साठ शब्दसुद्धा भरेनात.

सरांनी आमच्यामागे दार ओढून सील लावलं.

विभागप्रमुखांना मी लगेच गाठून सांगितलं. माणूस वाईट नाही. पण त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो मॅडम, चार बायकांनी दोनदा डबा नेला म्हणून तुम्ही प्रकल्प बुडवणार?"

"चार नाहीत सर."

"असू दे हो चाळीस. आकडा वर गेलाय. आता तुम्ही वेगळा सांगितलात तर पुढे आपल्या डिपार्टमेंटच्या प्रत्येक प्रस्तावाकडे ते संशयाने बघणार. तुमच्या एकटीच्या नाही, सगळ्यांच्या. जरा विचार करा ना." आणि ते कुंड्या बघायला खाली गेले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

विद्यार्थिनी गेटाजवळ थांबली होती. मी तिला म्हटलं, "मी उद्या समितीला सांगणार आहे."

"मला विचारणार नाही?"

"विचारलं तर काय म्हणशील?"

"म्हणेन, नका सांगू," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हप्ता येऊ दे. मग नवे आवाज घेऊ, नीट घेऊ, आकडा सुधारू. आपणच दुरुस्त करणार आहोत ना? पळून थोडीच चाललोय?"

खरं सांगते, मला ते पटलं. तिथे उभ्याउभ्या पटलं. पण उद्या कुणी हे यंत्र नव्वदचा आकडा बघून दवाखान्यात बसवलं आणि छातीत दुखणारी बाई समोर बसली तर, असं काहीतरी मी म्हणू लागले.

"ते मला सांगता?" तिने मला मध्येच तोडलं. "त्या रांगेत माझी आई असते. तुमची नसते. तुम्हाला सोपं आहे मॅडम. खरं बोललात तरी एक तारखेला तुमचा पगार येणार. बिल माझ्या नावावर फाडताय तुम्ही."

ती तडक निघून गेली. मी तिच्यामागे हाक मारली नाही, कारण मारून म्हणणार काय? माझ्या खरेपणाचा खर्च माझ्या खिशातून जाणार नव्हता. मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग त्या हप्त्यांच्या पद्धतीचा. चूक सापडणं हे आमच्या विषयात निम्मं काम असतं. पण चूक सापडलेल्याला पुढचा पैसा मिळेल अशी सोय कुणी केलेली नाही.

गुरुवारी सकाळी ती आली ती आईला घेऊन. आईला मी एकदोनदा भेटले होते. मराठवाड्यातून लग्न होऊन विक्रोळीला आलेली बाई, निळ्या काठांची साडी, एक हात जिन्याच्या कठड्यावर आणि दुसरा गुडघ्यावर. कुंड्यांमधून वाट काढत त्या वर आल्या.

"जय भीम मॅडम. पोरगी म्हनली चल, म्हनून आले. आत बसू देत्यात ना मला?"

"जय भीम. का नाही देणार, या ना," मी म्हटलं आणि त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं. विद्यार्थिनी माझ्याकडे बघत नव्हती. तिने आईला का आणलं ते मला कळेना. कौतुक बघायला की निरोपाला? विचारायचा धीर झाला नाही.

समिती चार जणांची, सगळे बाहेरच्या राज्यांतले. मराठी ऐकून लिहिणाऱ्या यंत्राचा निवाडा करायला आलेल्यांपैकी कुणालाच मराठी येत नव्हतं, याबद्दल आता मी काय बोलू? मी बोलायला उठत होते, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनीच सांगावं. विभागप्रमुखांनी मला नजरेनेच खाली बसवलं. ती उठली.

तिने पद्धत सांगितली, आवाज कसे घेतले ते सांगितलं, आणि निकालाचं पान लावलं. पडद्यावर नव्वद. समितीतल्या एकाने मान डोलावली. विभागप्रमुखांनी सोडलेला श्वास मला शेजारी ऐकू आला. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि कबूल करायला लाज वाटते, पण त्यात कुठेतरी सुटकाही होती. ती सांगत नसेल तर मी कशाला सांगू, असं मनात येऊन गेलं.

"हा आकडा आम्ही तुम्हाला पाठवला होता," ती इंग्रजीत म्हणाली. "तो चुकीचा आहे. काल कळलं."

मग तिने भाऊबीज समजावून सांगितली. माहेर म्हणजे काय ते सांगितलं. एक सदस्य म्हणाले, आमच्याकडेही असंच असतं, भाईदूजला सगळ्या आईकडेच, आणि जरा हशा पिकला. तिने खरा आकडा लावला तेव्हा हशा थांबला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले.

"म्हणजे अगदी नव्या आवाजावर हे कसं चालतं?" अध्यक्षांनी विचारलं. "दाखवू शकाल?"

"हो सर. म्हणून आणलाय," ती म्हणाली आणि मागे वळली. "आई, ये गं."

आईंना कल्पना नव्हती. त्या बावरल्या, पण आल्या. माइक बघून म्हणाल्या, "आता काय बोलू?"

"काहीही बोल. घरी बोलतेस तसं."

त्यांनी पदर सावरला, समोरच्या चार साहेबांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या पोरीचं ह्ये शिक्षन मधीच तुटू नये, साहेब. लई कष्टानं इथवर आलीय. येवढंच सांगायचंय मला."

पडद्यावर 'माझ्या' उमटलं. 'पोरीचं' उमटलं. आणि पुढे टिंबांची रांग. जिथे खात्री नाही तिथे टिंबं ठेवायची, हे आम्हीच यंत्राला शिकवलं होतं, कारण दवाखान्यात चुकीच्या शब्दापेक्षा रिकामी जागा बरी. समितीचे चौघे ती टिंबं बघत होते. आईही वळून बघत होत्या, आपण बोललो ते कुठे आलं म्हणून.

"काय म्हणाल्या त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं, आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच, आणि मान हलवली. नाही. माझ्या घशात आलेलं वाक्य मी गिळलं.

"काही नाही सर," ती म्हणाली. "घरचंच काहीतरी."

चहाच्या वेळी अध्यक्षांनी काजूकतलीचा तुकडा मोडत तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. कौतुकाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "मॅडम, आता माझा बी आवाज घेतला ना तुमी? मंग डबा द्या." मी कपाटातून डबा काढून दिला. त्यांचा आवाज ठेवून घेऊ का, असं विचारलं. "ठेवा की," म्हणाल्या, "घरात कोन ऐकतंय?" आणि आम्ही दोघी हसलो. मला तेव्हा रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीने कंपनीला हो कळवलं. तिने निकालाची वाट पाहिली नाही आणि ते बरोबरच केलं. समितीचा निर्णय पुढे सावकाश आला: विनाखर्च मुदतवाढ. म्हणजे काम करा, हवा तेवढा वेळ घ्या, पैसे मागू नका. कॉलेजने त्याचंही अभिनंदन केलं. मी तिची पीएचडीची नोंदणी रद्द होऊ दिलेली नाही, दर सहामाहीला प्रगतीच्या रकान्यात काहीतरी लिहून पुढे ढकलते.

काम मी सोडलं नाही. शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, कामाची जरा समज येते न येते तोच पास होऊन जातात, की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. घाटकोपर, भांडुप, विक्रोळी, सगळीकडे पुन्हा फिरले. डबे आता माझे मीच घेते. सणाच्या आठवड्यात जात नाही, आणि दारात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न विचारते, "ताई, तुमचं माहेर कुठलं?" बायकांना वाटतं मॅडमना सोयरीक जुळवायचीय. प्रत्येक वेळी यंत्र नव्याने शिकलं की मी त्याला सगळ्यात आधी तो एक आवाज ऐकवते. त्या आवाजावर त्याला कधी शिकवलेलं नाही, शिकवणारही नाही. टिंबं हळूहळू कमी होत गेली.

गेल्या आठवड्यात दुपारी परीक्षा विभागाच्या खोलीत प्रश्नपत्रिकांच्या कपाटांमध्ये बसून मी तो पुन्हा ऐकवला. पडद्यावर वाक्य आलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, एकही टिंब नाही. शिक्षण, कष्ट, साहेब, सगळं. खोलीत वाचायला मी एकटीच होते.

मी पडद्याचा फोटो काढून तिला पाठवला. ती मीटिंगमध्ये असावी, उत्तर संध्याकाळी आलं.

"मॅडम, आईला वाचून दाखवलं. विचारतेय, ते साहेब परत कधी येणार आहेत?"